छिद्रांच्या ओळीवरचा जवान

दशरथ ओव्हाळांच्या हातून फाडलेलं तिकीट मिळावं म्हणून लोक थेट कात्रजहून आमच्या पेठेतल्या पोस्टात यायचे. श्यामला नेहमीसारखी तिखटमीठ लावून सांगतेय असं ज्यांना वाटतंय त्यांनी खुशाल वाटून घ्यावं. ओव्हाळांच्या शेजारच्या, पार्सलच्या खिडकीत मी एकोणीस वर्षं बसलेय. पाहिलं तेवढंच सांगतेय.

ओव्हाळ तिकिटांचा ताव समोर आडवा घ्यायचे. छिद्रांच्या ओळीवर एकदा पुढे घडी, एकदा मागे घडी, त्यावरून अंगठ्याचं नख, आणि मग सरळ एक ओढ. कात्री नाही, पट्टी नाही, थुंकीचं बोट तर नाहीच नाही. तिकिटाच्या कडेला जी बारीक नक्षी राहते तिला संग्राहक मंडळी दात म्हणतात. ओव्हाळांच्या तिकिटाचा एकही दात पडलेला मी कधी पाहिला नाही. खिडकीत दुसरं कुणी दिसलं की काही संग्राहक ‘उद्या येतो’ म्हणून परत जायचे, आणि तेही पुण्यात, जिथे एका कामाला दोनदा यावं लागलं तर माणूस वर्तमानपत्राला पत्र लिहितो.

स्वभावाने ओव्हाळ गरीब. आमच्या ऑफिसात गोड बोलणाऱ्या माणसाचा आधी संशय घेतात, पण त्यांचा कुणी घेतला नाही. बायको पाच वर्षांपूर्वी गेली. येरवड्याच्या घरात ते आणि त्यांची ऐंशी वर्षांची आई, जयाबाई, असे दोघंच राहायचे. गेल्या डिसेंबरअखेर ते साठ पूर्ण करून निवृत्त होणार होते.

त्यांचा जन्म डिसेंबर पासष्टचा. त्याआधी तीन महिने, पासष्टच्या लढाईत, धारकोट नावाच्या ठाण्यावर त्यांचे वडील, शिपाई राघू ओव्हाळ, मारले गेले. बापाने पोराला पाहिलं नाही आणि पोराने बापाला. लग्नात फोटो काढायची ऐपत कुणाची नव्हती, त्यामुळे घरात राघूंचं एकही चित्र नव्हतं. विसाव्या वर्षी विधवा झालेल्या जयाबाई पोटातलं पोर घेऊन सासवडकडच्या गावातून येरवड्याला भावाकडे आल्या. शाळेत आयाचं काम करून त्यांनी मुलाला शिकवलं आणि पोस्टात चिकटवलं.

ओव्हाळ तिशीत असताना पलटणीच्या एका स्मरणिकेत त्यांना एक फोटो सापडला. धारकोटच्या कालव्यात रुतलेली दारूगोळ्याची जीप सात जवान ढकलताहेत, लढाईच्या आदल्या दिवशीचा. खाली नावं नव्हती. पत्ता काढत काढत ओव्हाळ राघूंच्या तुकडीतल्या एका म्हाताऱ्या हवालदाराकडे सांगलीला गेले. त्याने फोटोवर बोट ठेवलं. हा मधला, जीपला खांदा लावून कॅमेऱ्याकडे बघणारा, हा तुझा बाप. तीस वर्षांच्या माणसाला त्या दुपारी बापाचं तोंड मिळालं.

त्यांनी तो फोटो मोठा करून बुद्ध आणि बाबासाहेबांच्या शेजारी लावला. ‘माझे डोळे त्यांच्यावर गेलेत’ असं ते सांगायचे. मी पाहिलाय तो फोटो. इतका भुरकट, की डोळे म्हणजे दोन टिंबं. पण मी म्हणाले, हो, अगदी तुमचेच. काही ठिकाणी माझीसुद्धा जीभ आवरते.

गेल्या ऑगस्टमध्ये परिपत्रक आलं. धारकोटच्या लढाईला साठ वर्षं झाली म्हणून विशेष तिकीट निघणार होतं आणि त्यावर हाच फोटो, रंगवलेला. जोडतिकीट होतं, म्हणजे एकच चित्र शेजारशेजारच्या दोन तिकिटांवर पसरलेलं, प्रत्येकी पाच रुपयांचं. ओव्हाळांनी अख्ख्या ऑफिसला चहा पाजला. ज्यांच्याशी वर्षानुवर्षं ‘रामराम’च्या पलीकडे गेले नव्हते त्यांनाही थांबवून थांबवून ते परिपत्रक दाखवलं. त्यातलं चित्र नखाएवढं आणि फिकट होतं. छिद्रांची ओळ त्यात दिसत नव्हती, आणि इतकी वर्षं तिकिटं विकलेल्या माणसाच्या डोक्यात ती आली नाही. आनंदात माणूस आपला धंदा विसरतो.

सप्टेंबरमधल्या त्या सोमवारी सकाळी मोहोरबंद पाकीट उघडलं. ओव्हाळांनी वरचा ताव हातात घेतला. मी पार्सलचा काटा पुसत होते. शेजारची खिडकी अजून उघडली नाही म्हणून वाकून पाहिलं. डाव्या तिकिटावर तीन जवान, उजव्या तिकिटावर तीन, आणि सातवा, मधला, छिद्रांच्या ओळीवर. ओळ त्याच्या कपाळातून नाकावरून हनुवटीपर्यंत सरळ उतरली होती. ज्याने कुणी ती आखली त्याने जीपची लांबी मोजून मध्य काढला असणार. त्याला बिचाऱ्याला काय माहीत.

“श्यामलाबाई, हे मला फाडायचंय,” ओव्हाळ म्हणाले.

मी म्हटलं, संग्राहकच तर येणार, आणि संग्राहक जोडतिकीट कधी फाडत नाहीत. ते पाप समजतात. त्यांनाही ते पटल्यासारखं वाटलं. आधी त्यांनी आईसाठी स्वतः एक जोडी विकत घेतली, कोऱ्या कागदात घालून खिशात ठेवली आणि खिडकी उघडली.

पहिला तास बरा गेला. आले ते सगळे ओळखीचे, चिमटे आणि प्लास्टिकची पाकिटं घेऊन. कुणी चार जोड्या घेतल्या, कुणी अख्खा ताव. मी पार्सलं घेत होते, पण कान शेजारच्या खिडकीला लागलेले. दर माणसागणिक वाटायचं, हा तर एक मागणार नाही ना? साडेअकराला एक बाई आल्या आणि म्हणाल्या, पेपरात आलंय ते लढाईचं एक द्या. ओव्हाळांनी रोजचं पाच रुपयांचं तिकीट पुढे केलं. घाईत होत्या, त्यांनी चिकटवलं आणि गेल्या. पुढच्याला ओव्हाळ म्हणाले, हे जोडीनेच मिळतं. मी मान वर करून पाहिलं. एकोणीस वर्षांत त्या माणसाला खोटं बोलताना मी पहिल्यांदा ऐकत होते.

तो पुढचा माणूस सरळ पोस्टमास्तरांच्या केबिनमध्ये गेला. आमच्या पोस्टमास्तर राजनंदिनी मॅडम, वय पस्तीस, परीक्षा देऊन वर चढलेल्या, बदली होऊन सहा महिने झालेले. चहा केबिनमध्येच पितात, म्हणून राघूंची गोष्ट त्यांच्यापर्यंत पोचलेली नव्हती. मला त्या आवडत नाहीत. पण त्या दिवशी त्यांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही.

“ओव्हाळ, जोडीनेच विकायचा आदेश आहे का आपल्याकडे?” त्यांनी विचारलं.

नव्हता. मग गिऱ्हाईक मागेल तसं द्या, एवढं बोलून त्या वळल्या. मी तोंड उघडलं होतं, पण ओव्हाळांनी डोळ्यांनीच मला गप्प केलं. नंतर म्हणाले, सांगून काय होणार, माझ्या बापासाठी खात्याने नियम बदलायचा? त्या तक्रारवाल्याला तोवर फोन आला होता, तो तसाच निघून गेला. आम्ही सुटलो असं मला वाटलं, पण रांगेत पुढे जे उभे होते त्यांना पाहून मी हातातलं पार्सल खाली ठेवलं.

ते गृहस्थ आमच्याकडे दर आठवड्याला येतात. नाव सांगत नाही, उगाच मला नोटीस धाडतील. हातात एक लिफाफा आणि पाचचं एकच नाणं. सुट्टे नाहीत म्हणून कुणी आपल्याला फसवू नये, याची ही तयारी.

“एक द्या. डावीकडचं, नाव छापलेलं.”

लढाईचं नाव आणि साल डाव्या तिकिटावर होतं, हे त्यांनी काचेतूनच टिपलं होतं. ओव्हाळांनी रोजचं तिकीट पुढे केलं. मी हे मागितलं का, असं विचारून त्यांनी ते एका बोटाने परत ढकललं. मग ओव्हाळांनी जोडी पुढे केली आणि खिशातलं पाचचं नाणं काढून स्वतःच गल्ल्यात टाकलं. दोन्ही घ्या, म्हणाले, एकाचेच पैसे द्या. पुण्यात फुकट मिळालेल्या वस्तूइतकं संशयास्पद दुसरं काही नाही. गृहस्थांनी जोडी उलटसुलट करून पाहिली. दोन तिकिटं लावली म्हणजे पत्र दुप्पट लवकर पोचणार आहे का, अशी चौकशी केली. ओव्हाळ म्हणाले, तसं नाही साहेब, पण फाडू नका, एवढीच विनंती आहे.

तेवढं म्हणायला नको होतं. सुंभ जळेल पण पीळ जाणार नाही अशांपैकी ते. त्यांनी काउंटरवरच जिभेला बोट लावलं, ते छिद्रांच्या ओळीवर फिरवलं आणि जोडी फाडली. ओळ सुटली. तिकीट मधल्या जवानाच्या गालातून तिरकं उसवत शेजारच्याच्या कोपरापर्यंत गेलं. डावं तिकीट त्यांनी लिफाफ्याला डकवलं, उजवं चुरगळून आमच्या डिंकाच्या बशीत टाकलं आणि म्हणाले, “मला एकच हवं होतं. पहिल्यापासून सांगतोय.”

ओव्हाळांनी तो बोळा बशीतून उचलला आणि टेबलावर अंगठ्याने सपाट करायला लागले. त्यावर एक डोळा होता. डिंकाने अंगठा चिकटत होता, तरी ते करतच राहिले. मला ते बघवेना. मी उभी राहून त्या गृहस्थांना म्हणाले की हक्क सांगताना जशी जीभ चालते तसा हात चालवायला शिकला असतात तर बरं झालं असतं. झालं. त्यांनी तक्रारवही मागितली. मला सोडून ओव्हाळांवर लिहिलं, वळणदार अक्षरात, सहा ओळी: कर्मचारी जबरदस्तीने जोडी माथी मारतो आणि स्वतःच्या खिशातले पैसे गल्ल्यात टाकतो. दुसरी गोष्ट खरी होती, आणि खात्यात तीच जास्त महागात पडते.

मॅडम आल्या. वही वाचली. ओव्हाळांच्या मागे उभं राहून हळू आवाजात बोलल्या, पण मला ऐकू आलं.

“तीन महिने राहिलेत तुमचे. चार्जशीट घेऊन घरी जायचंय का? जमत नसेल तर उठा, श्यामलाबाईंना बसवते तिकिटांवर.”

रांग दारापर्यंत गेली होती आणि सगळी आमच्याकडे बघत होती. पुढे एक मुलगी होती, कर्वेनगरच्या होस्टेलवरची, हातात घरी टाकायचं पत्र. तिने घाबरत घाबरत एक तिकीट मागितलं, लढाईचंच, बाबांना आवडेल म्हणून. ओव्हाळांनी माझ्या हातांकडे पाहिलं. माझे हात मला ठाऊक आहेत. मी वर्तमानपत्रातलं कूपन सरळ फाडू शकत नाही. तेही त्यांना ठाऊक होतं.

“नको,” ते म्हणाले. “फाडायचंच असेल तर मी फाडीन.”

त्यांनी ताव समोर घेतला. पुढे घडी, मागे घडी. जवानाच्या कपाळावर त्यांनी अंगठ्याचं नख ठेवलं आणि थांबले. मॅडम मागे तशाच उभ्या. मला वाटलं हे उठून जातील, आणि खरं सांगायचं तर उठून जावं, असंच मला वाटत होतं. नोकरी खड्ड्यात गेली तरी चालेल. पण ते उठले नाहीत. नख खाली आलं, कपाळावरून नाकावर, नाकावरून हनुवटीवर, आणि त्यांनी ओढलं. एकही दात तुटला नाही. मुलगी म्हणाली, “काका, किती परफेक्ट फाडलंत!” ओव्हाळांनी तिला सुट्टे दिले.

त्यानंतर ते पाच वाजेपर्यंत फाडत राहिले. तो आवाज मी एकोणीस वर्षं ऐकत आलेय आणि मला तो कधी ऐकू आला नव्हता. त्या दिवशी प्रत्येक वेळी माझ्या पाठीतून गेला. एक एक मागणाऱ्या सगळ्यांना नावाचं डावंच हवं होतं, त्यामुळे उजवी तिकिटं सुटी उरत गेली आणि ओव्हाळ ती एकावर एक रचून ठेवत गेले. डबा त्यांनी उघडला नाही. चहा आला तो साय धरून तसाच राहिला.

मी विश्रांतवाडीला राहते, येरवडा वाटेवर. त्यांना बळेच स्कूटरवर बसवलं. बंडगार्डनच्या पुलावर गाड्या तुंबल्या होत्या तेव्हा मागून त्यांचा आवाज आला, “एकवीस वेळा, श्यामलाबाई.”

घरी जयाबाई धुतलेलं पांढरं लुगडं नेसून दाराकडे तोंड करून बसल्या होत्या. तिकीट बघायला म्हणून नेसल्या होत्या. ओव्हाळांनी खिशातून कागद काढून त्यांच्या हातात दिला, आणि शाळेतलं पोर घरी येऊन सांगतं तसं सगळं सांगून टाकलं: ओळ कुठून गेलीय ते, त्या गृहस्थांचं, मॅडमचं, आणि शेवटी एकवीस. आई, मी माझ्या हाताने फाडलं त्यांना, म्हणाले. जयाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग जोडी ट्यूबखाली धरली, मोतीबिंदू काढलेल्या डोळ्यांनी बराच वेळ पाहिली आणि मधल्या जवानावर बोट ठेवलं.

“ह्यो न्हाई त्यो.”

मग बोट सरकवत सरकवत उजव्या तिकिटाच्या अगदी कडेला नेलं. तिथला जवान कॅमेऱ्याकडे पाठ करून गुडघाभर पाण्यात उभा होता, दोन्ही हात जीपला लावून. त्याचं तोंड दिसतच नव्हतं.

“ह्यो हाय.”

ओव्हाळ म्हणाले, आई, हवालदारांनी सांगितलं होतं. जयाबाई म्हणाल्या, त्या म्हाताऱ्यानं तुझ्याकडं बघितलं, आन् ज्याचं तोंड दिसत व्हतं त्याच्यावर बोट ठिवलं.

“सव्वा म्हैना नांदले मी,” त्या म्हणाल्या. “सासूसासऱ्यांम्होरं मान वर करायची सोय न्हवती. रानात जाताना त्यो म्होरं, म्या मागं. घरात दिवा इझल्यावर यायचा. तोंड धड बघायच्या आत रजा सपली त्येची. पाठ मातूर पक्की ध्यानात हाय. डावा खांदा असा, जरा खाली.”

ओव्हाळांनी विचारलं, मग तीस वर्षं बोलली का नाहीस.

“तू किती हरखला व्हतास. तुला तोंडाचा बाप घावला व्हता. म्या पाठ दावून काय करू?”

मी तो जवान नंतर भिंग लावून पाहिलाय. डावा खांदा खाली आहे. पण जीपसुद्धा त्याच बाजूला कललेली आहे. जयाबाई खरं बोलल्या की पोराचा जीव हलका करायला बोलल्या, ते मला विचारू नका. त्यांचा चेहरा पाहून मला कळलं नाही, आणि मी माणसं ओळखण्यात स्वतःला फार शहाणी समजते.

ओव्हाळ जमिनीवर बसले आणि रडले. तोंडावर हात वगैरे न घेता, माझ्यासमोर. दिवसभराचं होतं की साठ वर्षांचं, कोण जाणे. मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच पाण्याचा नळ सोडला. परत आले तेव्हा ते जोडी हातात घेऊन बघत होते.

“मग हा मधला कोण?” त्यांनी विचारलं.

जयाबाई म्हणाल्या, “आसंल कुणाचा तरी बाप.”

दुसऱ्या दिवशी मंगळवार. मी मनाशी म्हटलं, सुटला बिचारा, आता बिनघोर फाडेल. ओव्हाळ माझ्याआधी येऊन बसले होते. आदल्या दिवशीची ती उजवीकडची एकवीस सुटी तिकिटं त्यांनी समोर मांडली होती आणि नवे ताव खालच्या खणात ठेवले होते. पहिल्याच माणसाने एक मागितलं, नावाचं. ओव्हाळ म्हणाले, नावाची सुटी संपली, हे आहे, चालेल? आणि वरचं तिकीट पुढे केलं, कडेला पाठमोरा उभा असलेला जवान. त्या माणसाने ते लिफाफ्याला लावलं आणि पेटीत टाकलं. मॅडम मागे येऊन उभ्या राहिल्या. गिऱ्हाईकाने एक मागितलं, त्याला एक मिळालं. त्या परत केबिनमध्ये गेल्या.

संध्याकाळपर्यंत ढीग निम्म्यावर आला. एकही जोडी फाडली गेली नव्हती. मला राहवेना, मी म्हटलं, ओव्हाळ, अहो, ते तुमचे वडील आहेत, चारदोन तरी ठेवा स्वतःला. ते पुढच्या माणसाला तिकीट देत होते.

“घरी आहेत ते आमच्या,” ते म्हणाले. “हे जाऊ देत. हे आहेत तोवर मधल्याला फाडायला नको.”